फळ्याचा वरचा अर्धा भाग

अकरा वर्षं मी फळ्याचा वरचा अर्धा भाग वापरला नाही.
तारीखसुद्धा छातीच्या खाली,
तिच्याखाली दाटीवाटीने भागाकार.
पाचवीतल्या एकीने विचारलंच,
बाई, तुम्ही एवढ्या उंच,
मग लिहिता का बुटक्यांसारखं?
मागच्या बाकांना दिसावं म्हणून, मी म्हटलं.
मागच्या बाकांना तर काहीच दिसत नव्हतं.

काखेत गाठ यायची. सुपारीएवढी, मग लिंबाएवढी,
मग कुणी आत निखारा ठेवून विसरून गेल्यासारखी.
फुटली की वास.
रिक्षात शेजारची बाई तोंड फिरवायची,
तिच्याबरोबर मीही फिरवायचे,
वास तिसऱ्याच कुणाचा असल्यासारखा.
आई म्हणाली उष्णता, सब्जा पी.
रावपुऱ्यातले वैद्य म्हणाले केसतोड.
सासूबाई काहीच म्हणाल्या नाहीत,
माझा टॉवेल फक्त वेगळ्या खिळ्यावर गेला.

मंगळवारी, सयाजी हॉस्पिटलच्या त्वचारोगाच्या रांगेत
समोरच्या बाकावर एक बाई.
हात अंगापासून चार बोटं दूर,
दोन्ही काखांत अंडी ठेवून
सांभाळ म्हटल्यासारखे.
मी खाली पाहिलं.
मीही तशीच बसले होते.

केटला वरस? तिने विचारलं.
अकरा.
मारे एकवीस, ती म्हणाली,
घरातल्या कर्त्या मुलाचं वय सांगावं तसं.

तरलिकाबेन. मांडवीमागे खाखरे लाटते,
उजवा हात बिघडला की डाव्याने.
नंबर येईपर्यंत तिने मला शिकवलं:
जुनी मलमलची साडी फाड, कडा काढून टाक, कड टोचते.
चिकटलेली पट्टी ओढायची नाही,
कोमट पाणी ओतत बसायचं, ती आपण होऊन सुटते.
काळं नेसू नकोस, काळ्यावर घामाचं मीठ दिसतं.
आणि ऐक, घाण राहिल्याने होत नाही हे.
दोन वेळा न्हातेस ना? मग.

अकरा वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
पट्टीचं म्हणतेय मी.
दुसरंही.

डॉक्टरांनी कागदावर लांबलचक नाव लिहिलं,
हायड्रा-काहीतरी. जात नाही म्हणाले, आवरता येतं.
तरलिकाबेनने त्याची केव्हाच हिडिंबा केली होती.
जागी आहे का गं आज?
झोपलीये. हळू बोल.

आता आम्ही चौघं.
इद्रीसभाई रिक्षा चालवतात एका कुल्ल्यावर,
जांघेतलं दुखणं घरी अजून सांगितलेलं नाही.
ऋत्वा दोन महिने नुसती ओढणी चाळवत बसायची,
तिसऱ्या महिन्यात म्हणाली, मला मुलगा बघायला येतोय,
आणि कुणीच तिला काय करावं ते सांगितलं नाही.
रांग संपली की कोपऱ्यावर सेव उसळ.
तिखट आम्हाला सोसत नाही,
इद्रीसभाई तरीही तरी मागतात.

नवरात्रात मैदानाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसलो,
टाळी मांडीपाशीच, खालच्या खाली.
ऋत्वा मात्र उठली. दोन फेऱ्या, हात पार वर.
परत आली ती रडत होती की हसत, कळलं नाही,
ब्लाउजला डाग.
तरलिकाबेनने पिशवीतून चौकोन काढला,
कडा आधीच काढलेला.

मुलांना मी सांगून टाकलं: बाईंचा हात वर जात नाही. दुखतो.
शांतता. मग, बाई, खूप?
खूप.
तीच पाचवीतली रोज स्टुलावर चढून तारीख लिहिते,
तिचा पाच अजूनही उलटा पडतो.

काल हिडिंबा पुन्हा उठली, डावीकडे.
कूस कुठली बदलायची?
रात्री दोनला मी तरलिकाबेनला मिस्ड कॉल दिला.
एक रिंग.
तिचाही आला. एक रिंग.
मग मी पाणी कोमट करायला ठेवलं.