दोर बदलेपर्यंत

दोर बदलायचाय, म्हणून लिफ्ट बंद.
सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा एका मंगळवारी
माझ्या तळहातावर दुसऱ्याची चिल्लर नाही.

वाल्पाराइसोत टेकड्या फार, आणि माणसं आळशी,
म्हणून हे तिरके सरकणारे लाकडी डबे.
एक वर निघतो तेव्हा दुसरा खाली येतो,
मधोमध दोन्हींतली माणसं
क्षणभर एकमेकांकडे बघतात,
लग्नात भेटलेल्या लांबच्या नातेवाइकांसारखी.
मी तिकिटाच्या खिडकीत. "दार सांभाळा,"
एवढंच माझं बोलणं.
पाहुणे नकाशा उलटा धरून विचारतात,
बाई, इथं बघण्यासारखं काय आहे?
मी बोट दाखवते.
कुठं, ते त्या बोटालाच ठाऊक.

आज म्हटलं, जाऊ या त्या बोटामागं.

पायऱ्या उतरले. तीनशे नऊ.
मोजताना दोनदा चुकले, कारण
सगळ्या गल्लीचा आणि कुणाचाच नसलेला तो भुरा कुत्रा
वळणावळणावर बसून बघायचा, ही दमली का.
भिंतीवरची ती भलीमोठी निळी बाई,
तिचा डावा डोळा म्हणजे रामोनाच्या न्हाणीघराची खिडकी,
हे फोटो काढणाऱ्या जोडप्याला सांगावं का?
तेवढ्यात डोळा उघडला,
गालावरून साबणाचं पाणी ओघळलं.
त्यांनी टाळ्या वाजवल्या.

धक्क्यावर आरडाओरडा:
बंदर बघा, जहाजं बघा, अर्ध्या तासात सगळं!
तिकीट काढलं, खिडकीच्या या बाजूनं.
एवढासा कागद, आणि केवढा घट्ट धरला मी.
मला वाटायचं, लोक उगाच चुरगाळतात.

केशरी जाकीट. शेजारी सांतियागोच्या दोन बहिणी,
आणि एक मुलगा, त्याला समुद्र अजून आवडला नव्हता.
बोट चालवणारा सांगत होता:
ती राखाडी नौदलाची, ती डबे लादलेली कोरियाची,
आणि हा तरंगता गंजका ओटा
म्हणजे समुद्रसिंहांचं हॉटेल, भाडं माशांत.
काय तो वास! आणि आळस असा ऐसपैस
की बघूनच मला जांभई आली.

आणि इंजिन बंद पडलं.

तिथंच, हॉटेलच्या दारात.
एका म्हाताऱ्या नरानं मिशा आमच्याकडे वळवल्या
आणि धबकन पाण्यात उतरला. बोट कलली.
बहिणींनी देवमातेला हाक मारली,
तो इंजिनाची दोरी ओढत शिवी देई, माफी मागे,
पुन्हा शिवी देई.
मुलाचे दोन्ही हात काठाबाहेर लोंबत होते.
माझ्या तोंडून निघालं, खिडकीतल्या आवाजात,
"दार सांभाळा!"

दार कुठलं तिथं?
पण मुलानं हात आत घेतले, बहिणी गप्प झाल्या,
आणि समुद्रसिंहसुद्धा, खरं सांगते, थबकला.
बोटवाला वळला. "एदुविना? लिफ्टवाली?"
निबाल्दो! रोज माझ्याच डब्यातून शाळेत जायचा,
निम्म्या वेळा फुकट.
मला ठाऊक होतं. मी पेपर वाचायचं सोंग करायचे.

मग बसलो, ओढून न्यायला कुणी येईपर्यंत.
काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून मागं बघितलं.

फडताळात कोंबलेल्या भांड्यांसारखी
पत्र्याची घरं, निळी, पिवळी, पोचे आलेली,
एक काढलं तर सगळी खाली येतील अशी.
आमच्या रुळांची चीर दिसली.
मधोमध दोन्ही रिकामे डबे शेजारी शेजारी.
इतकी वर्षं नुसते एकमेकांना ओलांडून जाणारे,
आज थांबले होते.

"तुझं घर कुठलं?" मुलानं विचारलं.
मी बोट दाखवलं.
"कुठं?"
"ते पिवळं नाही, त्याच्या वरचं. नाही, थांब..."
आणि खरंच, मला सापडेना.
मग दोरीवर एक चादर दिसली,
कालची, आत घ्यायची राहिलेली.

धक्क्यावर निबाल्दोनं तिकिटाचे पैसे परत दिले,
वर मूठभर नाणी. "शाळेच्या वेळची," म्हणाला.
मी मोजून घेतली. सवय.

घरी जाताना पायऱ्या तीनशे अकरा भरल्या.
कुत्रा साक्षीला आहे.