अठ्ठ्याऐंशीच्या खाली

ऑगस्ट. अल खोर. बाहेर रात्रीचेसुद्धा अडतीस अंश,
आत, डब्याच्या पोटात,
निरपेक्ष शून्याला जवळजवळ टेकलेलं
नखाएवढं ॲल्युमिनियम.
पंप सेकंदासेकंदाला चिरकतो.
मी साठपासून सुरुवात करते.

साठ गिगाहर्ट्झ. काही नाही.
सत्तर. काही नाही.
किरणांचा जोर दुप्पट केला, मग दहापट,
रेघ ढिम्म.
या थंडीत इलेक्ट्रॉन जोडीनेच चालतात.
बारीक धक्के कितीही येवोत,
त्यांची बेरीज होत नाही.
या खिडकीवर सुट्टे घेत नाहीत.

हेलियमचं सिलिंडर ढकलत लियाकत परकार आला,
मंडणगडचा. अकरा वर्षं इथे, गावी तीन मुलं,
आणि खोलीच्या करारावर शिक्का: बॅचलर.
"ताई, बहिरं आहे काय हे तुमचं?"
म्हटलं, बहिरं नाही. पायरीखालचं ऐकत नाही.
तो हसला. "आमच्या घरातनंही तसंच.
बोअर आटली, थोरला नापास, सगळं सांगते फोनवर,
आवाज हलत नाही.
परवा सहज विचारलं,
दारातली अबोली आहे ना गो अजून?
तर..."
पुढचं बोलला नाही. सिलिंडरची साखळी
उगाच पुन्हा एकदा आवळली.

शहाऐंशी. सत्त्याऐंशी.
अठ्ठ्याऐंशीला रेघ उचलली,
झोपेत कुणी कूस बदलावी तशी,
आणि नव्वदच्या पुढे सरळ चढली.
जोड्या फुटतात तसा धातूचा सूर उतरतो.
आम्ही मोजतो तो एवढाच, उतरलेला सूर.
आणखी वर, दीडशेला,
जोडी तोडून उरलेला आवेश
थरथर होऊन तळाच्या सिलिकॉनमध्ये मुरतो.
त्याचा हिशेब कुणाच्याच नावावर नाही.

साडेबाराला एसी बंद पडला.
दार उघडं टाकलं. खारफुटीचा वास आत आला,
चष्मा धुरकटला.
पुन्हा मोजलं, तर एकशे त्र्याऐंशीला खळगा,
गालावर पडतो तेवढाच.
डाग तपासले, वायरी तपासल्या,
स्वतःला दोन शिव्या घातल्या.

पहाटे गनीमा अल-मुहन्नदी आली
(नाव ऐकून आई म्हणाली होती, जपून गं बाई).
तिने कागद उजेडाला धरला,
"रुतूबा," म्हणाली, आणि चहा ओतायला लागली.
दमटपणा.
उगमापासून खिडकीपर्यंत हातभर हवा,
त्या हवेत होता तेवढा समुद्र
आपल्या वाट्याचं पिऊन गेला होता.

नोंदवहीत तारीख घातली, तापमान, दाब,
खळग्यापुढे लिहिलं: दोष नाही. इथली हवा.

खाली लियाकतचा ट्रक सुरू झाला,
रास लफानच्या ज्योतीकडे वळला.
अबोली आहे की नाही,
ते विचारायचं राहिलंच.