शेजाऱ्याला सही नाही

रुवीतल्या आमच्या मंडळाला
शिक्का नाही, परवाना नाही, बँकेत खातं नाही.
बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे
परकारांच्या शिलाईयंत्राखाली,
आणि एक वही.
तिच्यातलं ‘वर्गणी’ खोडून परकारांनी
‘भिशी’ लिहिलंय,
कायद्याला जरा कमी बोचावं म्हणून.

तोरसकर गेला त्या पहाटे
शवागाराच्या खिडकीतून विचारणा झाली,
मयताचे तुम्ही कोण?
आम्ही सातजण. एकमेकांकडे बघितलं.
शेजारी, कुणीतरी म्हणालं.
शेजाऱ्याला सही नाही, तो म्हणाला.
सभ्य होता बिचारा. पाण्याच्या बाटल्या दिल्या,
सातही.

मग वेंगुर्ल्याहून मुखत्यारपत्र आलं.
वहिनींनी फोनवर विचारलं होतं,
मंडळाचं नाव घालू ना?
नको, परकार म्हणाले,
कागदाला माणूस लागतो. माझं घाला.
हसन दाऊद परकार. नातं: मित्र.

विमान सुटलं.
डब्यात उरले अकरा रियाल
आणि तळाशी, तोरसकरच्या तिरक्या अक्षरात,
पुढच्या सभेचे विषय:
मंडळाची नोंदणी, मागच्या सभेवरून पुढे.
तो विषय आम्ही परत पुढे ढकलला.
त्याखाली होतं,
चहाचं दूध या खेपेला माझ्याकडे.