उंडीचं तेल

पंचनामा कानडीत झाला.
मला तो निम्मा वाचता येतो,
पण 'शॉर्ट सर्किट' दोन्ही भाषांत तेच असतं.
तेवढं लावून वाचलं, खाली सही केली, मराठीत.
ईरण्णा साहेब काही बोलले नाहीत.

ओमाणा गुरव अजून म्हणतो, उंदीर.
समईतली पेटती वात तोंडात धरून आढ्यावर गेला,
तिथं नवरात्रातल्या वाळल्या माळा.
त्याच्या आज्यानं असं एकदा बघितलेलं.
लगेच म्हणतो, समई विझवूनच मी घरला गेलो होतो.
कुणाला वाचवतोय, मला की स्वतःला,
त्यालाही ठाऊक नसावं.

वायरिंग माझंच, चौदा वर्षांपूर्वीचं.
दोन बल्ब आणि एक पंखा, एवढ्यापुरतं.
कोरीव खांबाला खिळा मारायला हात धजेना,
म्हणून वायर सुतळीनं बांधली.
मग स्पीकर आला. फोकस आला.
देवीमागं फिरणारं लाल-हिरवं चक्र आलं,
देणगीदाराच्या नावासकट थंड पाण्याचा कूलर आला.
जत्रेच्या रात्री फ्यूज तीनदा उडाला.
चौथ्या वेळी मष्णूनं त्यात
सायकलच्या स्पोकचा तुकडा बसवला.
मी बघितलं.
पालखी उठायची होती, ढोल तापले होते.
उद्या काढू, म्हटलं.

तो उद्या अकराव्या रात्री आला.

जांबोटी रस्त्यावर पुलाचं काम चाललेलं,
खानापूरहून बंबाला सव्वा तास.
तोवर घागरी, बादल्या, कुणाची तरी दुधाची कॅन,
आणि भरमाणीच्या विहिरीवरच्या मोटारीचा पाइप,
सहा हात तोकडा, पण धार पोचत होती ओसरीपर्यंत.
मी पळत जाऊन डीपीवरची लाइन तोडली.
तोडायलाच हवी होती.
मोटार बंद पडली.

त्यानंतर आम्ही नुसते उभे होतो.
वाळवी लागू नये म्हणून दर दिवाळीला
त्या लाकडाला उंडीचं तेल पाजत आलं होतं गाव,
किती पिढ्या, कुणी मोजल्या?
खांब जळत नव्हते,
ते वाती झाले होते.

सातेरी मात्र वारुळाची.
तिला काही झालं नाही,
भाजून पक्की झाली, विटेसारखी.
बाया म्हणाल्या, सत्त्व. असेल.
वाळवीचं घर तेवढं राहिलं.

एक गोष्ट पंचनाम्यात नाही.
शिडीवर होतो तेव्हा मधल्या तुळईच्या मागच्या अंगाला,
जिथं कुणाची नजर जायचं कारण नव्हतं,
सुतारानं एक खार कोरलेली दिसली.
तोंडात जांभूळ, शेपूट अर्धवट,
जेवायला हाक आली असावी.
मी ते कुणाला सांगितलं नाही.
तेव्हाच्या माझ्या मोबाइलला कॅमेराही नव्हता.
आता सांगायला गेलो तर
लोक म्हणतील, अपराधी माणसाला काहीबाही आठवतं.

स्पोकचंही सांगितलं नाही.
कुणी विचारलं नाही.

कमिटीनं स्लॅब घातला, खाली ग्रॅनाइट.
बोर्डावर वर कुठली भाषा, यावर दोन बैठका झाल्या.
वायरिंग पुन्हा माझ्याकडेच आलं.
यादी दिली: एमसीबी, अर्थिंगची पट्टी, जाड पाइप,
मोटारीची लाइन वेगळी.
पैशाला कुणी नाही म्हणालं नाही.

मष्णू शिडी धरून उभा असतो,
अगदी घट्ट, दोन्ही हातांनी.
काल विचारलं त्यानं, मामा, मघापासून वर काय बघताय?
स्लॅब, म्हणालो.