एका ओळीत एक पत्ता

क्लाक्सविकच्या बंदरावर, मासळीच्या गोदामावरच्या खोलीत
जुना हीटर खोकत असतो आणि मी
महिन्याची यादी उतरवून घेते.
एका ओळीत एक पत्ता. चार आकडे, तीन टिंबं.
एक्केचाळीस हजार तीनशे बारा.

दॉन्यालने निवृत्त होण्याआधी बजावलं होतं:
यादी डोळे मिटून गिळायची नाही, चाळून घ्यायची.
रिकाम्या ओळी काढ, शेपटाची मोकळी जागा काढ,
आणि शेवटी तिरकी रेघ दिसली
तर तिच्यामागे किती घरं आहेत ते मोज.
रेघेपुढे चोवीस म्हणजे
दोनशे छप्पन्न दारं, एकच कडी.

त्याच्या जुन्या फाइलीत ओळीओळीपुढे शेरे आहेत:
‘हा विधवांना लॉटरी लागल्याचं कळवतो.’
‘हा घड्याळं विकतो, तीही माझ्या नावाने.’
‘हा सुधारेल. २०११ला बघणे.’
कुणी बघितलं नाही.
मीही नाही. रेघाही मोजल्या नाहीत, खरं सांगायचं तर;
बोट चाललं, एंटर दाबलं,
फिल्टरने हूं की चूं न करता सगळं पोटात घातलं.

बुधवारी वियाराईहून मार्यूनचा फोन.
“सुन्वा, तुमच्याकडे अडकलंय का गं काही?
होग्नी बावीस दिवस गप्प आहे.
मी धाडलेलं वाळवलेलं मटण
वाटेत बुरसलं असणार. म्हणून रुसलाय.”
होग्नी नामिबियात, वॉल्विस बेला,
ट्रॉलरच्या इंजिनाचा कुठलासा भाग यायची वाट बघत
खलाशांच्या वसतिगृहात, एकुलत्या कॉम्प्युटरच्या रांगेत.

मी लॉग उघडला.
अकरा वेळा तो दाराशी आला होता.
अकरा वेळा माझ्या यंत्राने अदबीनं सांगितलं होतं,
पाचशे पन्नास, नाही.
वसतिगृहाच्या शेजारी, त्याच रेघेमागे,
कुणीतरी खोटी घड्याळं विकत होतं.
सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते असं:
धूर नाही, वास नाही,
वेळ, पत्ता आणि ‘नाकारलं’.
आमचा नकार परत गेला तो
त्यांच्याच कचरापेटीत पडला असणार,
तोही खोटाच वाटून.

लॉगमध्ये मजकूर नसतो.
वजन मात्र दारातच सांगावं लागतं.
पहिलं पत्र नऊ किलोबाइट.
अकरावं एक.
हे दोन आकडे मी मार्यूनला सांगितले नाहीत.
मटण बुरसलं नसेल, म्हणाले.

परवानगीची फाइल वेगळी. ती वर ठेवायची,
कारण आधी जुळेल तोच नियम चालतो,
खाली कितीही आरडाओरडा असो.
एक ओळ लिहिली. शेऱ्याला दॉन्यालसारखं काही सुचेना.
‘हा मार्यूनचा’ एवढंच लिहिलं
आणि फिल्टरला पुन्हा वाचायला लावलं.

शुक्रवार रात्रीपर्यंत काही आलं नाही.
बसल्या बसल्या ती २०११ची ओळ पुसली.
म्हटलं, इतकी वर्षं झाली.
दीड तासात मला लॉटरी लागली,
अठरा लाख युरो, फक्त खाते क्रमांक कळवावा.
ओळ परत घातली. पुढे लिहिलं:
‘सुधारला नाही. पाच वर्षांनी बघणे.’

वॉल्विस बेहून अजून काही नाही.
लॉगची खिडकी उघडीच ठेवलीय.
हीटर बंद पडला की लाथ घालते,
तो खोकतो, चालू होतो.