लांबी

मक्तुमसाब आधी काही विचारत नाहीत.
पेचकस उलटा धरतात, मुठीनं
जीपभर टकटक करत फिरतात,
बाजारात कलिंगड बघावं तसं.
टण्ण म्हणजे पत्रा.
ठप्प म्हणजे लांबी भरलेली.
बोनेट टण्ण. डावं दार टण्ण, टण्ण, ठप्प.
ड्रायव्हरच्या पायाखाली तर आवाजच नाही,
पेचकस सरळ खाली गेला
आणि भोकातून पिरनवाडीची जमीन दिसली,
तिच्यावरून चाललेला एक मुंगळा.

"बाई, ही गाडी न्हाई.
हे नुसतं रंगानं धरून ठेवलंय."

अकरा वर्षं जांबोटीला फणसाखाली उभी होती.
त्याआधी वडाप, खानापूर ते हेम्माडगा,
चौदा माणसं, दोन करडं, टपावर तांदूळ.
त्याच्याही आधी लष्कराच्या लिलावातली, असं
मी सांगायला लागले,
तेवढ्यात मल्लेशीनं ग्राइंडर सुरू केला.

निळा उतरला. खाली पांढरा
(पांढरी असली की लग्नाची भाडी मिळतात, भाऊ म्हणायचा),
पांढऱ्याखाली गावाचं नाव कानडीत,
त्याच्याखाली तेच गाव मराठीत,
मग लष्करी हिरवा, मग काहीच नाही.
मल्लेशी दोन्ही अक्षरांवरून
एकाच वेगानं गेला.
तो तुक्कू म्हणतो. मी गंज म्हणते.
मक्तुमसाब जंग म्हणतात आणि शिंकतात.

तळ कापला तेव्हा चॅसीच्या पोकळीतून
मूठभर लाल माती निघाली,
दहा पैशांचं एक नाणं,
करवंदाच्या बिया,
कुंभारीण माशीनं बांधलेली चार मडकी.
नव्या पत्र्यावर खडूनं रेघ ओढली.
"जाड घाला की," मी म्हटलं, "पुन्हा बघायला नको."
"जाड पत्रा जुन्याला ओढतो, बाई.
शिवणीजवळ फाडतो.
जुन्याच्या जोडीला जुन्याएवढंच पातळ."

डाव्या मडगार्डचा पोचा
मी दाखवला नव्हता.

उद्यमबागेत, फौंड्रीच्या कुंपणाला.
रविवारची दुपार, भट्ट्या बंद,
क्लच सोड, हळू, अगं हळू म्हटलं ना.
मी एकोणीस वर्षांची.
भाऊ उतरला, पोचा बघितला,
मग माझ्याकडे बघितलं
आणि किल्लीसाठी हात पुढे केला.
संध्याकाळी अप्पांनी विचारलं तेव्हा
मी आत चपात्या लाटत होते.
"माझ्याकडनं लागली," बाहेरून ऐकू आलं.
मग तो आवाज.
टण्ण नाही, ठप्पही नाही.
माझं लाटणं थांबलं नाही.

आता अप्पा नाहीत.
भाऊ मडगावला, हॉटेलच्या स्टोअरमध्ये.
फोनवर म्हणाला, कर नीट, पण विकू नको.
पोच्याचं तो काही बोलला नाही,
मीही नाही.

तेवढा राहू दे, म्हणणार होते.
किंवा म्हणणार होते, तो मी केलाय.
यातलं काय म्हणायचं ते ठरेपर्यंत
मक्तुमसाब चाकाच्या कमानीत उताणे शिरले,
बाहेरून मल्लेशीनं लोखंडी ठोकळा टेकवला,
आतून एक ठोका,
जरा सरकून दुसरा.

आला बाहेर.

सिगारेटच्या पाकिटामागे हिशोब मांडला:
तळ, दोन्ही दारांच्या कडा, गॅस, रेड ऑक्साइड.
"आणि पोच्याचे?"
"त्याचं काय घ्यायचं. दोन ठोके."

मी मडगार्डवर हात ठेवला.
उघडा पत्रा, अजून प्रायमर न लागलेला,
उन्हानं तापलेला, सपाट.
"मुट्टबेड्री, अक्का!" मल्लेशी ओरडला,
आणि मला समजावं म्हणून मराठीत,
"हाताचा घाम लागला की
सकाळपर्यंत तिथं तुक्कू धरतो."
मग थिनरचा बोळा घेऊन
त्यानं माझी पाचही बोटं पुसली,
पत्र्यावरची.