गेल्या सालची डिस्क

सप्टेंबर उजाडला की दुकानात पुढचं साल यायचं.
खोकं फोडलं की चकचकीत कागदाखाली
तेच हिरवं मैदान, नव्याच कुणाचा तरी उगारलेला पाय,
आणि कोपऱ्यात आकडा, एकाने वाढलेला.
आमच्याकडे कॅलेंडरंसुद्धा दिवाळीपर्यंत दम धरतात.

मनामा, गुदैबियातली गल्ली. मी शटर फडक्याने वर करतो,
लोखंडाला अजून हात लाववत नाही.
पहिला यायचा तलाल, शाळेच्या कपड्यांत,
जुनी डिस्क काउंटरवर ठेवून: किती देणार?
काल एकवीस दिनारची होती.
आज दोन.
तो हसायचा, मीही.
नव्यात काय बदललं रे?
"घाम," तो म्हणाला एकदा. "आता जर्सीवर घाम दिसतो."

खोलीत सहा खाटा, टीव्ही एक.
शौकत सारंग, श्रीवर्धनचा, एसी दुरुस्तीवाला,
त्याने खेळात एक खेळाडू घडवला होता.
नाव मुलाचं, नाक मुलाचं,
उंची अंदाजाने.
जुन्या डिस्कमधला माणूस नव्यात नेता येत नाही,
म्हणून दरसाल पुन्हा पहिल्यापासून:
भुवया, हनुवटी, डावखुरा पाय.
आधी घरी फोन.
"त्याला चौकटीला टेकून उभा कर. टाच वर उचलू देऊ नको.
पेन्सिलने खूण कर, आणि मोज."
मग इकडे बोटाने पट्टी जराशी सरकवायचा.

आम्ही चिडवायचो, दरवर्षी एकवीस दिनार
त्याच चेंडूसाठी?
तो म्हणायचा, व्हिसाचं काय वेगळं आहे?
तोच फोटो, तेच रक्त,
फी तेवढी नवी.

यंदा खोकी आली नाहीत.
कंपनीचा माणूस आला, लॅपटॉपवाला.
आता साल नाही, म्हणाला. एकदाच घ्यायचा खेळ,
तो आपला आपण सुधारत राहील.
अबू जासिम रिकाम्या फळीवरची धूळ बघत बसला.
मला खरं तर बरं वाटलं.
लूट ती लूटच होती,
आणि पाच वर्षं टिकणारी वस्तू
कुणी विकत असेल तर रडायचं कशाला?

मंगळवारी रात्री अपडेट आला.
दोन तास पट्टी भरत होती, मी भात लावला, जेवलो, झोपलो.
सकाळी माझा गोलकीपर
डावीकडे झेपावेनासा झाला.
रात्रीत कुणीतरी ठरवलं होतं, तो फारच झेपावतो.
तलालला विचारलं, परवाचा खेळ परत मिळेल का?
"कुठला परवाचा?" तो म्हणाला.
"आहे तो हाच."

शौकत गेल्या उन्हाळ्यात कायमचा गेला.
जाताना त्याचं यंत्र माझ्या खाटेखाली सरकवलं
आणि बिस्किटांच्या डब्यात सात डिस्का.
विकून टाक, म्हणाला, येईल तो भाव घे.
सर्वांत जुनीला शंभर फिल्सही येणार नाहीत,
हे मला दुकानामुळे ठाऊक.

काल त्याचा फोन आला. पोरगा चौदाचा झालाय,
बापाच्या डोक्यावरून बघतो, फुटबॉल आवडत नाही त्याला.
पैसे आले होते तर घर रंगवून घेतलं.
चांगला ऑइलपेंट. दारं, खिडक्या,
चौकटीसुद्धा.

मी म्हटलं, झकास.
बराच वेळ आम्ही रंगाच्या भावाबद्दल बोललो.

रात्री सगळे झोपल्यावर
खाटेखालून यंत्र ओढलं, तिसरी डिस्क घातली.
घरघर, मग उजेड.
एक सात वर्षांचं नाक
मोठ्या माणसाच्या खांद्यांवर बसवलेलं,
डावखुरा, कपाळ कोरडं
(त्या साली घाम यायचा नव्हता),
मधल्या रेषेवर उभा.
चेंडू त्याच्या पायापाशी.
मी बटण दाबलं नाही लगेच.

आज तलालने डबा पाहिला.
विकायच्यात?
नाही.
चालतात तरी?
चालतात, म्हटलं.
थोडं थांबावं लागतं सुरू व्हायला.